अठ्ठेचाळीस आकडे

५ जानेवारी, सोमवार
मदरबोर्ड आला. आता सगळं सामान घरात. कॅबिनेट दिवाणाखाली, बाकी खोकी गौरीच्या पलंगावर. गौरी पुण्याला शिकायला, त्यामुळे तिची खोली आता माझी. ‘माझी’ लिहून बघितलं. बरं वाटलं.
संदीप पतपेढीतून आला, खोकी बघितली. “दुकानातून तयार आणला असता. कुठे पडलीस यात?” म्हटलं, अहो, मला जसा लागतो तसा तयार मिळत नाही. ड्रॉइंगच्या कामाला वेगळा लागतो. तोवर टीव्ही लागला होता.
(तोंडावर अहो. इथे तो. एवढी मुभा असू दे.)

६ जाने., मंगळ.
प्रोसेसरवर लावायची पेस्ट आणायला एमजी रोड. सिंहस्थाच्या नावाखाली अर्धं नाशिक खणलंय, रिक्षाने कुठून कुठून फिरवलं. दुकानदार म्हणतो, “सर नाही आले? त्यांना पाठवा, मी समजावून सांगतो कशी लावायची ते.”
सोळा वर्षं प्रेस टूलची, म्हणजे पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्यांची, डिझाइनं केली. पेस्ट घेतली, आले.

८ जाने., गुरु.
जोडला. सकाळी सं. गेल्यावर बसले. प्रोसेसर बसवला. वायरी पाठीमागून घेतल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी ती काळीच.
मग बोर्डावर बघितलं तर एक बारका लाल दिवा, रॅमच्या नावापुढे. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसवल्या. एकीची खिट्टी नीट लागलीच नव्हती. या वेळी ‘टक्’ झालं. स्क्रीनवर अक्षरं.
घरात कोणी नव्हतं. तरी मोठ्याने “आला!” म्हणाले. गौरीला फोन केला. “आई, खरंच? फोटो पाठव ना.”
ऑक्टोबरात कंपनीने डिझाइन विभाग चाकणला हलवला. तिकडे या, नाहीतर राजीनामा द्या. ‘आपण’ नाही जायचं असं ठरलं. आपण म्हणजे सं. तेव्हापासून आज पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

९ जाने., शुक्र.
संध्याकाळी विंडोज टाकायला घेतलं. मध्येच ते मेलचं खातं मागायला लागलं, त्याशिवाय पुढे जाईना. माझा रोजचा मेल कंपनीचा होता, तो बंद. स्वतःचा एक आहे, पासवर्ड आठवेना. कणीक भिजवायची राहिली होती. म्हटलं पोळ्या झाल्यावर बघू.
हात धुऊन आले तर सं. खुर्चीत. “टाकलं माझं. तात्पुरतं. किती वेळ अडून राहणार?”
सिस्टीम चालू झाली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: नमस्कार, संदीप.

११ जाने., रवि.
सं.ने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘घरीच असेंबल केला.’ कोणी केला ते नाही. विंचूरहून सुरेखा वन्संचा अंगठा, खाली: ‘आमचा भाऊ पहिल्यापासून हुशार!!’ सं.ने हात जोडलेले टाकले.
मी वाट बघितली. जेवणं होईपर्यंत बघितली. मग भांडी घासली.

१४ जाने., संक्रांत
बोरशांचा फोन. अंबडला त्यांचं छोटं टूलरूम आहे, पूर्वी आमच्या कंपनीचं काम करायचे. तीळगूळ घ्या वगैरे झाल्यावर म्हणाले, “मॅडम, एका ब्रॅकेटचं टूल आहे. पाच स्टेशनचं. तुम्हीच करा. सॉफ्टवेअरचं लायसन्स माझं वापरा, घरून चालतं.” फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ड्रॉइंगं हवीत.
हो म्हटलं. त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत.

१९ जाने., सोम.
घोटीला आई पडल्या. सासूबाई. ओट्यावरून उतरताना पाय सटकला, खुब्याचं हाड. शेजारच्यांनी गाडी करून नाशिकला आणलं. ऑपरेशन परवा.
स्ट्रेचरवरून मला म्हणाल्या, “वैशाली, दुकानाचं कुलूप बघितलं का कुणी?” तांदळाचं दुकान. सासरे गेल्यावर एकटीने चालवलंय.

२२ जाने., गुरु.
ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात दिवसभर मी. सं.ला सुट्टी नाही. वन्सं विंचूरहून डबा घेऊन आल्या, आईंजवळ बसल्या, मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. “बरं झालं गं, नेमकी तू घरी आहेस. देवच बघतो सगळं.”
माझी नोकरी जावी आणि यांच्या आईला माणूस मिळावं, असं देवाने बघितलं.
म्हटलं, मी काम घेतलंय बोरशांचं. “हो का? घरच्या घरी ना? मग काय, ते कधीही होतं.”

२५ जाने., रवि.
आज दवाखान्यात सं. मी दिवसभर ड्रॉइंगवर. तिसऱ्या स्टेशनला, म्हणजे टूलच्या तिसऱ्या टप्प्याला, होते आणि स्क्रीन निळी. आपोआप बंद, आपोआप चालू. तासाभराचं गेलं. परत केलं. परत निळी. दर वेळी खाली वेगळाच एरर.
सं. संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. “म्हणून म्हणत होतो, तयार आणायचा.”

२८ जाने., बुध.
काल आई घोटीला परत. इथे राहायला तयार नाहीत, म्हणतात माझं घर उघडं पडलंय. वन्सं त्यांच्याजवळ राहिल्यात, ‘काही दिवस’ म्हणून.
मशीनला मेमरी टेस्ट लावली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकत्र लाल. एकेक लावून बघितली, दोन्ही चांगल्या. म्हणजे पट्ट्या ठीक, बोर्डाचं आणि त्यांचं जमत नाही. इंटरनेटवर याच बोर्डाबद्दल लोकांनी लिहिलंय: बायोस जुना आहे, नवीन टाका, बंद होईल. बायोस म्हणजे बोर्डाच्या आतली मूळ आज्ञावली, विंडोजच्याही आधी जागी होणारी.
तोवर एका पट्टीवर काम. हळू चालतं, पण पडत नाही. रोज संध्याकाळी ड्रॉइंगं पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवते.

३० जाने., शुक्र.
लिहवत नाही. तरी लिहिते.
बायोसची फाइल टाकायला पेन ड्राइव्ह रिकामा लागतो. घरात एकच. त्यावरची कॉपी पुसली. म्हटलं मूळ तर डिस्कवर आहे, दहा मिनिटांचा प्रश्न. बायोस नीट बसला. मशीन परत चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत विचारणा: सुरक्षेची चिप नव्याने सुरू करायची का, डिस्कला कुलूप असेल तर चावी लागेल. मी कुठे कुलूप लावलंय? ‘हो’ दाबलं.
निळा पडदा. या वेळी एरर नाही. शांतपणे लिहिलंय, रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे.
गौरीला फोन केला. तिने शोधून सांगितलं: हल्ली विंडोजमध्ये मेलचं खातं टाकलं की डिस्कला कुलूप आपोआप लागतं, विचारत पण नाही. चावी ज्याचं खातं त्याच्या खात्यात.
चार स्टेशनं पूर्ण झाली होती.

३१ जाने., शनि.
सं.ला सकाळीच सांगितलं. “बघतो ना,” म्हणाला. “एवढं काय.”
दुपारी परत विचारलं. “बघतो म्हटलं ना.”

२ फेब्रु., सोम.
पतपेढीत फोन केला. “कामात आहे. संध्याकाळी.” संध्याकाळी मोबाइल घेऊन गॅलरीत गेला, बराच वेळ उभा. आत आला. म्हणाला, साइट चालत नाहीये.
माझ्या मोबाइलवर सगळ्या साइट चालत होत्या.

५ फेब्रु., गुरु.
बोरशांना अजून दोन दिवस मागितले. “मॅडम, पार्टी माझ्या डोक्यावर बसलीये.” कारण सांगितलं. ऐकून घेतलं, पण समजलं असं वाटलं नाही. ‘कॉम्प्युटरला चावी’ म्हटल्यावर कोणाला समजणार?
कागदावरची कच्ची रेखाटनं आहेत. मापं आहेत. आतलं सगळं डिस्कमध्ये.

७ फेब्रु., शनि.
आज स्पष्ट झालं.
वन्संचा फोन येऊन गेला होता. त्यांच्याकडे कांदा सुरू, मिस्टर एकटे, त्यांना परत जायचंय. फोन ठेवून सं. माझ्यासमोर बसला. आवाज एकदम मऊ.
“वैशाली, आधी घोटीचं ठरवून टाकू. चार-सहा महिने तू जा. मग ते चावीचं मी करून देतो.”
मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. विचारलं, काय म्हणालात?
“म्हणजे तसं नाही गं. सगळं एकदम डोक्यावर घेऊ नको. एकेक करू.”
“चावी आहे तुमच्याकडे?”
“आहे ना. कुठे जातेय?”
“मग द्या.”
“दिली की तू परत त्या खोलीत. मग घोटी राहूनच जातं.”
एवढं बोलून चहा मागितला. मी केला. का केला कळत नाही. सवय. कपात साखर जास्त पडली ती मात्र मुद्दाम नव्हती.

८ फेब्रु., रवि.
गौरीचा फोन. इकडचं-तिकडचं बोलली, मग अडखळली. “आई, तुला म्हणून सांगते. बाबा खोटं बोलतायत असं नाही म्हणत मी…”
परवा सं.ने तिला फोन करून विचारलं होतं, जुना बंद झालेला नंबर परत चालू करता येतो का. ते खातं जुन्या नंबरवर आहे. पासवर्ड चालतो, पण चावी दाखवायच्या आधी त्या नंबरवर कोड जातो. तो सिम कधीच बंद झालाय. नंबर बदलायचा अर्ज केला तर महिनाभर थांबायला लागतं. अर्ज केलाय म्हणे.
म्हणजे चावी त्याच्याकडे नाहीच. कधीच नव्हती. नसलेली चावी दाखवून मला घोटीला पाठवत होता.
दिली नसती तर एक वेळ समजलं असतं. तो राग ओळखीचा आहे. हे काय आहे, त्याला नावच नाही माझ्याकडे.
संध्याकाळी त्याला विचारलं, सरळ. मान खाली. “मला वाटलं तू चिडशील. ते खातं मी टाकलं म्हणून.”
“आणि कालचं?”
“सुरेखाचा फोन आला होता. मला सुचेना.”
पंचवीस वर्षांत एवढं खरं पहिल्यांदा बोलला असेल. ऐकून जास्तच वाईट वाटलं.

९ फेब्रु., सोम.
डिस्क पुसली. सगळी. ‘यावरची माहिती परत मिळणार नाही’ असं दोनदा विचारलं, दोनदा हो.
नवीन विंडोज. आधी बसून माझ्या जुन्या मेलचा पासवर्ड बदलून घेतला, तेच खातं टाकलं. कुलूप लागलं तेव्हा चावी उतरवून घेतली, या वहीच्या मागच्या पानावर. बायोस नवीन, दोन्ही पट्ट्या लावल्या. मेमरी टेस्ट पूर्ण हिरवी.
सगळं नीट चाललंय. आनंद होत नाहीये. आठ जानेवारीला जो झाला होता तो शोधत होते.
सं. दारात उभा राहून म्हणाला, “पुसलंस? महिन्याने आलीच असती चावी.”


१६ फेब्रु., सोम.
आठवडाभर नुसतं ड्रॉइंग. पहिल्या वेळी जिथे अडले होते तिथे या वेळी हात आपोआप गेला, पण चव नाही. एकदा शिजलेलं सांडल्यावर परत शिजवायचं तसं.
मशीन एकदाही पडलं नाही. काल महाशिवरात्र, त्र्यंबकच्या गाड्यांनी रस्ता गच्च. सं. उपासाची भगर करून आणून टेबलावर ठेवून गेला. पहिल्यांदाच केली त्याने. खाली लागली होती.
खाल्ली.

१८ फेब्रु., बुध.
ड्रॉइंगं घेऊन अंबडला गेले. बोरसे कुणाशी तरी फोनवर, हातानेच बसा म्हणाले. मग: “मॅडम, रागावू नका. पहिली तीन स्टेशनं मी सातपूरच्या एकाकडून करून घेतली. थांबता येईना. तुमची पुढची दोन घेतो.”
म्हटलं, पाचही आहेत.
“बघितली मी. तुमची चांगली आहेत. पण लोखंड कापलंय आता.”
उठताना म्हणाले, “घरून काम म्हटलं की असंच होतं हो. घरात शंभर भानगडी. तुम्ही इथे येऊन बसा, कोपऱ्यात टेबल टाकतो. मशीन तुमचंच आणा.”
सांगते म्हटलं. बाहेर पडले तर समोरच्या रस्त्याला आमच्या कंपनीची बस गेली. निळी. मी अजून तिला ‘आमची’ म्हणते.

२२ फेब्रु., रवि.
घोटी. सं. आणि मी. वन्सं सामान बांधून तयारच होत्या, आम्ही चपला काढायच्या आत त्यांनी घातल्या.
आई खाटेवर. वाळल्या आहेत. वॉकर भिंतीला उभा. सं. बाजारात औषध आणायला गेला तेव्हा मला जवळ बोलावलं.
“तुझ्या मागं लागल्यात ना सगळी?”
मी त्यांची चादर नीट केली.
“मी म्हटलं पोराला, बाई लाव. तर म्हणतो सून हाय ना. मी म्हटलं सून काय सालदार हाय का?” दम लागला, थांबल्या. “सकाळची बाई येती. न्हाऊ घालती, भाकरी करती. पन बाकीच्या टायमाला मोरीत जायचं तर कुणाला तरी धरावं लागतं. परवा सुरेखा झोपली व्हती, मी हाक नाय मारली. तशीच पडून राहिले.”
मग खिडकीकडे बघत: “तुला ये म्हनायला मला लाज वाटती. पन पोरानं धरून न्यावं, त्याची जास्त लाज वाटती.”
मला राग करायला कोणी उरलं नाही या खोलीत. त्याचाच राग आला.
रात्रीपुरती सं.ने शेजारच्या काकूंना सोबत सांगून ठेवलीये, थोडेच दिवस.

२४ फेब्रु., मंगळ.
सं.ला म्हटलं, मी जाते. त्याचा चेहरा सैल झाला, तो बघवला नाही. म्हटलं, ऐका. मशीन माझ्याबरोबर येणार. तिकडे इंटरनेट तुम्ही घेऊन द्यायचं. सकाळची बाई बंद करायची नाही. आणि शनिवार-रविवार तुम्ही तिथे, मी मोकळी.
“दर शनिवारी?”
“आई तुमच्या आहेत.”
“मी नाही कुठे म्हणालो?” मग थोड्या वेळाने: “ते चावीचं… मी मुद्दाम नव्हतं केलं.”
मुद्दामच केलं होतं. दोघांनाही माहीत आहे.
बोरशांना सांगितलं, टेबल नको, काम असेल तर घोटीला पाठवा. “घोटीला?” हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

१ मार्च, रवि.
आले. कॅबिनेट मागच्या सीटवर, पट्टा लावून. सं.ने स्वतः उचलून आत नेलं, उंबऱ्याला कोपरा घासला.
आई: “हे काय आणलं?”
“माझं काम आहे, आई.”
“बरं. दुकानाच्या मागल्या खोलीत ठेव. तिथं ऊन येत नाय.”
पोती सरकवली, जागा केली. तांदळाचा भुस्सा. पंख्याला जाळी लावावी लागणार.

४ मार्च, बुध.
इथे दुपारी व्होल्टेज पडतं. दोनदा मशीन बंद. यूपीएसशिवाय चालणार नाही. सं.ला सांगितलं. “शनिवारी आणतो.”
बोरशांकडून काम नाही अजून.

७ मार्च, शनि.
सं. आला नाही. ऑडिट आहे म्हणे.
आईंना धरून मोरीपर्यंत. अंग हलकं लागतं, पाखरासारखं, पण माझा दंड असा घट्ट धरतात की वळ उठतो. परत आल्यावर धापा टाकत म्हणाल्या, “आज तुझं काम नाय झालं ना.” मशीन पूर्ण वेळ बंद होतं. त्यांना ऐकू येतं बहुतेक, पंख्याचा आवाज आहे की नाही.

८ मार्च, रंगपंचमी
सं. अचानक दुपारी. कपाळावर रंग, हातात यूपीएस. जोडून दिला, नीट. आईंशी बोलला. निघताना खिशातून कागद काढला, चार घड्या घातलेला.
उघडला. आकडेच आकडे, सहा-सहाच्या गटांत, त्याच्या पतपेढीच्या ठसठशीत अक्षरात. अठ्ठेचाळीस.
“आली चावी. परवाच.”
“अहो, ती डिस्क मी पुसली. तुम्हाला माहीत आहे.”
“माहीत आहे.” चपला शोधत होता. “तरी म्हटलं द्यावी.”
गेला. तो कागद कितीतरी वेळ हातात होता. फाडावा असंही वाटलं नाही, ठेवावा असंही नाही. या माणसाला ‘चुकलो’ हा शब्द येत नाही, म्हणून आकडे घेऊन आला. आणि मी तो शब्द ऐकल्याशिवाय… काय? पूर्ण करता येत नाही वाक्य.
आईंनी विचारलं, काय दिलं त्याने? म्हटलं, हिशोब. चुलीत घाल म्हणाल्या. गॅस आहे आता, आई.

१३ मार्च, शुक्र.
बोरशांनी काम पाठवलं. छोटं, एका झाकणाचं टूल. सातपूरच्याने जमत नाही म्हणून सोडलेलं. म्हणजे उष्टं. घेतलं.
यूपीएसवर नीट चालतंय. व्होल्टेज पडलं की तो ओरडतो, मग मी फाइल सेव्ह करते आणि आईंकडे एक चक्कर टाकते. त्यांना वाटतं यूपीएस त्यांच्यासाठीच आणलाय.

१९ मार्च, पाडवा
गुढी आईंनी खाटेवरून सांगून माझ्याकडून उभारून घेतली. काठी वाकडी, कडुलिंब कमी, असं सगळं. सं. नाही. मागच्या शनिवारीही नाही. गौरी आली होती, दोन दिवस. मशीन बघून म्हणाली, “आई, तू हे बाबांशिवाय केलंस.” मी म्हटलं, बाबांमुळे दोनदा केलं. ती हसली, मला हसू आलं नाही. तिच्यासमोर असं बोलायला नको होतं. बोलून गेले.
जाताना तिने विचारलं, “तू परत जाणार ना घरी?” श्रीखंडाचा डबा भरत होते, झाकण बसेना.

२५ मार्च, बुध.
झाकणाचं टूल दिलं. बोरसे फोनवर म्हणाले, “मॅडम, हे आधी तुमच्याकडेच द्यायला हवं होतं.” एवढंच. पुढच्या कामाचं विचारलं तर म्हणाले, बघू.
आई आज वॉकर घेऊन एकट्या दुकानाच्या दारापर्यंत गेल्या. मी मागे दोन पावलं. एका गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या तांदळाचा भाव सांगितला आणि तो घासाघीस करायला लागला तर त्याला हाकलून दिलं. मग मला म्हणाल्या, “महिन्याभरात मी मोकळी. तू बी.”
ऐकून बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.
चारच्या सुमाराला सं.चा फोन. नळाला पाणी कमी येतं, डबेवाल्याचं जेवण तिखट, असं झाल्यावर:
“आई बरी होतेय म्हणे. मग मी येऊ का न्यायला? या रविवारी?”
मशीन चालू होतं. आत आई वॉकर टेकवत एकट्याच खाटेकडे चालल्या होत्या, टक, टक, थांबत.
“विचारते,” म्हटलं.
“कोणाला?”
मी आईंकडे बघत होते. त्या पोचल्या. बसल्या. “मलाच,” म्हटलं. सं.ने अजून फोन ठेवला नव्हता.